नावडतीचं मीठ अळणी

प्रेशर कुकर घेताना तुम्ही काय पाहता? आधी आकार, मग किंमत, हे तर खरेच. पण चार वर्षे संसार केलेली बाई दुकानदाराला तिसरा प्रश्न हमखास विचारते. "याची रिंग आणि शिट्टी आमच्याकडे मिळेल ना हो?" कुकर कितीही चांगला असो, रिंगेसाठी दर वेळी पुण्याला माणूस धाडावा लागणार असेल तर आपण तो घेत नाही. आपण घेत नाही म्हणून दुकानदार रिंगा ठेवत नाही, आणि तो ठेवत नाही म्हणून आपण घेत नाही. कुकर बिचारा बाद! त्याच्या शिजवण्यात मात्र काडीची खोट नसते. आपल्याकडे म्हणतातच ना, नावडतीचं मीठ अळणी.

आज मी तुम्हाला अशाच काही नावडत्यांची गोष्ट सांगणार आहे. त्या आहेत मोटारी, आणि त्याही अमेरिकेतल्या, सत्तर-ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच्या. दचकू नका. लोणच्याच्या बरण्या आणि विणकामाचे टाके सोडून ही बाई कुठे निघाली, असे तुम्हाला वाटेल. पण शेवटपर्यंत वाचा. या गोष्टीत आपल्या ओळखीचे पुष्कळ काही आहे.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी माझ्या भावाकडे, कॅलिफोर्नियात, सहा आठवडे राहून आले. शाळेत मी अर्धवेळ इतिहास-भूगोल शिकवते, त्यामुळे मे महिना मोकळा असतो. दादाच्या गावात रविवारी सकाळी एका मोठ्या दुकानाच्या आवारात जुन्या मोटारींचे हौशी लोक आपापल्या गाड्या आणून लावतात. दादाला त्याचे भारी वेड. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही दोघं जा बाई, मला उन्हात पत्रे बघायची हौस नाही." मी गेले.

तिथे बहुतेक गाड्या 'हॉट रॉड' होत्या. हॉट रॉड म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगते. आईच्या जुन्या पैठणीचा आपण मुलीसाठी परकर-पोलका शिवतो ना? कापड जुने, बेत नवा. तसेच हे. जुनी, स्वस्तातली गाडी घ्यायची. मडगार्ड, बंपर, कधी कधी छप्परसुद्धा, असे सगळे ओझे उतरवायचे. इंजिनाचा जोर वाढवायचा, किंवा दुसऱ्या गाडीचे दांडगे इंजिन आणून बसवायचे. मग चकचकीत रंग देऊन पळवायची!

हा नाद सुरू झाला कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागात, 1930 च्या दशकात. लॉस एंजेलिसच्या पलीकडे वाळवंटात मुरॉकसारखी आटलेली तळी आहेत. त्यांचा तळ फरशीसारखा सपाट आणि कडक. तरुण मुले घरी दुरुस्त केलेल्या गाड्या तिथे नेऊन वेगाची शर्यत लावीत. 1937 साली या मंडळींनी आपली संघटना स्थापन केली. दुसरे महायुद्ध 1945 साली संपले आणि हजारो तरुण सैन्यातून घरी परतले. हातात थोडा पैसा, यंत्रांची चांगली माहिती आणि अंगात रग. नाद वणव्यासारखा पसरला. 1948 च्या जानेवारीत तर 'हॉट रॉड' नावाचे मासिकच निघाले.

आणि हो, हा केवळ पुरुषांचा खेळ होता असे समजू नका. व्हीडा ऑर नावाची एक बाई युद्धाच्या आधीपासून त्या तळ्यांवर स्वतः गाडी पळवत होती. युद्धाच्या काळात संघटनेचे बातमीपत्र तिने चालू ठेवले आणि परदेशी लढणाऱ्या मुलांना ते धाडले. त्या मुलांना घरची आणि गाड्यांची खबर मिळाली ती तिच्यामुळे. एवढ्यासाठी तरी तिचे नाव लक्षात ठेवायला हवे.

आता आवडती राणी कोण, ते सांगते. तिचे नाव 1932 सालची फोर्ड. त्या आवारात मी एकीकडून मोजायला लागले, तर दर दोन-तीन गाड्यांमागे एक तीच, किंवा तिचीच बहीण शोभेल अशी. हे मॉडेल त्या रूपात एकच वर्ष निघाले. पण हेन्री फोर्डने तिच्यात आठ सिलिंडरचे 'व्ही-एट' इंजिन घातले, 65 अश्वशक्तीचे. त्याआधी असे इंजिन श्रीमंतांच्या महागड्या गाड्यांत असे. फोर्डने ते साध्या माणसाच्या गाडीत आणून बसवले. दहा-पंधरा वर्षांनी त्याच गाड्या जुन्या बाजारात कवडीमोलाने मिळू लागल्या, आणि पोरांनी त्या उचलल्या. पुढे 1963 साली बीच बॉईज या गायकांनी तिच्यावर गाणे केले. 1973 साली 'अमेरिकन ग्राफिटी' या चित्रपटात पिवळी धमक 1932 ची फोर्ड झळकली. नावडतीवर गाणी कोण रचणार, सांगा बरं?

नावडत्या बऱ्याच. त्याच काळातली शेवरोले, प्लायमाऊथ, डॉज, नॅश, हडसन. आणि फोर्ड असली तरी चार दारांची असली, तर तीही नावडतीच. या गाड्या वाईट होत्या का? मुळीच नाही. शेवरोलेचेच पाहा. त्या दशकात बरीच वर्षे तिचा खप फोर्डपेक्षा जास्त होता. म्हणजे अमेरिकेतल्या घरोघरी फोर्डपेक्षा तीच अधिक गेली. मग हॉट रॉडवाल्यांनी तिच्याकडे पाठ का फिरवली? मी दादाला विचारले, तिथल्या दोन म्हाताऱ्या मेकॅनिकांनाही विचारले. कारणे ऐकताना मला आपल्या स्वयंपाकघराची सारखी आठवण येत होती.

पहिले कारण इंजिन. शेवरोलेचे सहा सिलिंडरचे इंजिन मोठे गुणी होते. शांत, चिवट, कमी खर्चाचे. पण त्याच्या बेअरिंगांना तेल मिळे ते उडत्या शिंतोड्यांनी. रोजच्या फिरण्याला ते पुरेसे होते. शर्यतीत तासन् तास पिळून काढायचे म्हटले की ते टिकत नसे. रोज शंभर माणसांचा भात घरच्या पातेल्यात शिजवायला घेतला, तर दोष पातेल्याचा म्हणायचा का?

दुसरे कारण लाकूड. हे ऐकून मी चकित झाले. त्या काळच्या शेवरोलेचे वरून दिसणारे अंग पत्र्याचे, पण आतला सांगाडा लाकडाचा असे. लाकडी चौकटीवर पत्रा ठोकलेला. फोर्डमध्ये लाकूड फार थोडे, जवळजवळ सगळे पोलाद. नव्या गाडीत हा फरक कळतही नव्हता. पण वीस-तीस पावसाळे गेले, पाणी झिरपले, आणि आतले लाकूड कुजले. वाळवी लागलेल्या खिडकीसारखे. दार उघडले की खाली लोंबायचे. पत्रा ठोकून नीट करणारे पुष्कळ, पण गाडीच्या आत सुतारकाम करणारा कारागीर कुठून आणायचा? 1937 च्या मॉडेलपासून शेवरोलेचा सांगाडा पूर्ण पोलादी झाला. तोवर 'शेवरोले म्हणजे लाकूड' हा शिक्का बसला होता.

तिसरे कारण दारे. हॉट रॉडवाल्यांना दोन दारांचीच गाडी हवी. एक तर ती हलकी. दुसरे म्हणजे तिचे छप्पर काही इंच खाली आणायची त्यांच्यात फॅशन आहे. त्यासाठी छपराचे सगळे खांब कापून, आखूड करून, पुन्हा जोडावे लागतात. चार दारांच्या गाडीला खांब जास्त, दारांच्या चौकटी जास्त, काचा जास्त. म्हणजे कामही जास्त आणि खर्चही. आणि एवढे करून दिसायला ती बाबांची गाडीच दिसते! फोर्ड कंपनीने गंमत म्हणून दोन दारांच्या गाडीला 'ट्युडर' आणि चार दारांच्या गाडीला 'फोर्डोर' अशी नावे दिली होती. हौशी लोक चार दारांच्या गाडीला नाक मुरडून 'मोअर-डोर' म्हणतात. आपल्याला हे मोठे नवल वाटते, नाही का? आपल्याकडची अँबॅसडर घ्या, पद्मिनी घ्या, चार दारे असायचीच. सासूबाई पुढे बसून आहेत, मागे दोन नणंदा आणि चार मुले, मांडीवर डबे. दोन दारांतून हा लवाजमा आत शिरणार कसा?

चौथे कारण आपल्या कुकरच्या रिंगेचे. फोर्ड सगळ्यांना हवी, म्हणून तिचे सुटे भाग बनवणारे कारखाने निघाले. सुटे भाग मिळतात म्हणून अजून लोक फोर्डच घेतात. आज तर ओहायो राज्यातल्या ब्रूकव्हिल गावी 1932 च्या फोर्डचा अख्खा पोलादी सांगाडा नवा कोरा करून मिळतो. नॅश किंवा हडसनच्या दाराची एक साधी कडी हवी असली, तर मालकाला भंगाराच्या आवारांतून महिनोन् महिने हिंडावे लागते.

गंमत पुढेच आहे. 1955 साली शेवरोलेने आठ सिलिंडरचे एक आटोपशीर, हलके इंजिन काढले. ते इतके सरस निघाले की हॉट रॉडवाल्यांनी आपल्या लाडक्या फोर्डचे इंजिन काढून तिथे शेवरोलेचे बसवले! घर आवडतीचे आणि हात नावडतीचे. प्लायमाऊथचेही तसेच. ही गाडी 1928 साली बाजारात आली तेव्हापासून तिला चारही चाकांना तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक होते. फोर्डला असे ब्रेक मिळाले ते 1939 च्या मॉडेलपासून. म्हणून 1932 ची फोर्ड घेतलेली पोरे तिचे जुने ब्रेक काढून 1939 नंतरचे बसवीत. प्लायमाऊथमध्ये जे पहिल्या दिवसापासून घरचे होते, ते त्यांनी खटाटोप करून दुसरीकडून आणले. पण प्लायमाऊथ काही घेतली नाही.

नावडतीच्या नशिबी याहून वाईट एक गोष्ट होती. एकाच वर्षाच्या दोन दारी आणि चार दारी गाडीचे पुढचे सगळे भाग बहुधा सारखे असत. दिवे, जाळी, मडगार्ड, चाके, आस. मग दोन दारांची गाडी सजवायला चार दारांची गाडी कापायची. तिचे हवे ते काढून घ्यायचे आणि उरलेला सांगाडा भंगारात. अशा किती गाड्या गेल्या याची गणतीच नाही. धाकटीच्या लग्नात थोरलीचे दागिने मोडावेत तसे.

हे सगळे मी नुसते ऐकले असते तर विसरूनही गेले असते. पण दादाच्या शेजारी चौऱ्याऐंशी वर्षांच्या एक आजी राहत. त्यांच्या गॅरेजमध्ये 1948 सालची चार दारांची प्लायमाऊथ होती, करड्या रंगाची. त्यांच्या वडिलांनी ती नवी घेतलेली. आजी सोळाव्या वर्षी तिच्यावरच गाडी शिकल्या. पुढे त्यांची तिन्ही मुले तिच्या मागच्या सीटवर वाढली. आता घर विकून त्या मुलीकडे राहायला निघाल्या होत्या. तिथे गाडी ठेवायला जागा नव्हती, आणि महिनाअखेर घराचा ताबा द्यायचा होता.

मी तिथे असताना गाडी पाहायला तिघे आले. पहिला तरुण गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "दोन दारं असती तर आत्ता घेऊन गेलो असतो." दुसऱ्याकडे त्याच सालची दोन दारी गाडी होती. त्याला समोरची जाळी, बंपर आणि दिवे तेवढे हवे होते. "बाकीचं मी भंगारवाल्याला देतो, तुम्हाला उचलायचा त्रास नाही," असे तो अगदी चांगुलपणाने म्हणाला. तिसऱ्याने फक्त किंमत विचारली, आणि तीही निम्म्याने पाडून.

आजी दुसऱ्याला म्हणाल्या, "विचार करते." तो गेल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग मला म्हणाल्या, "ये, आत बसून बघ." मी पुढे बसले. सीट आपल्या दिवाणखान्यातल्या सोफ्याएवढी रुंद. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, आपल्या पद्मिनीसारखा. मी तसे म्हटल्यावर त्यांनी विचारले, "तुमच्याकडं या गाड्या होत्या?"

होत्या तर! वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आधी जोडल्या गेल्या त्या क्रायसलर कंपनीच्या गाड्या, डॉज आणि प्लायमाऊथ. फियाट आणि पद्मिनी नंतरच्या. म्हणजे आजींच्या गाडीची भावंडे आपल्या कुर्ल्यातून बाहेर पडली होती. पद्मिनीचे पुढे काय झाले तेही मी त्यांना सांगितले. मुंबईकरांनी ती टॅक्सी म्हणून वर्षानुवर्षे वापरली. पाऊस, लग्न, दवाखाना, स्टेशन, सगळीकडे तीच. तिला कुणी सुंदर म्हटले नाही. 2023 च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली, तेव्हा मात्र लोक तिच्यापाशी उभे राहून फोटो काढीत होते. आजी हसल्या. म्हणाल्या, "जाताना फोटो काढतात, हो. असताना धुवायला कुणी येत नाही."

मग त्या हळूच म्हणाल्या, "या गाडीनं कुठली शर्यत जिंकली नाही. पण माझ्या धाकट्याला रात्री दोन वाजता ताप चढला तेव्हा हिनंच नेलं. मागचं दार उघडून मी त्याला आडवा निजवला. दोन दारांच्या गाडीत कशी निजवणार होते?"

मैत्रिणींनो, या वाक्याने मला सगळा उलगडा झाला. हॉट रॉडवाले गाडीला जे प्रश्न विचारतात ते शर्यतीचे असतात. किती हलकी, किती जोरकस, किती देखणी. ओकलंड शहरात 1950 पासून 'सर्वांत सुंदर रोडस्टर'चे बक्षीस सुरू झाले. रोडस्टर म्हणजे उघडी, दोन दारांची गाडी. चार दारांच्या बंद गाडीला तिथे प्रवेशच नाही. त्या परीक्षेत ती नापास होणारच, कारण परीक्षाच तिच्यासाठी काढलेली नाही. घराने मात्र तिला वेगळेच प्रश्न विचारले होते. मुले मावतात का? म्हाताऱ्या माणसाला चढता येते का? पहाटे थंडीत चालू होते का? त्यात ती पन्नास वर्षे पहिल्या नंबरात पास होत होती. पण त्याचे बक्षीस कुठल्या शहरात देत नाहीत.

आजींच्या गाडीचे काय झाले, हे सांगायलाच हवे. महिना संपायला पाच दिवस उरले असताना एक नर्स आपल्या भावाला घेऊन आली. तिला दोन लहान मुले, घरी आई. जुन्या गाडीची तिला लहानपणापासून हौस, पण दोन दारांच्या गाड्यांच्या किमती ऐकूनच ती परत फिरायची. चार दारांची त्याहून पुष्कळ स्वस्तात मिळत होती. आणि मुलांना मागे बसवायचे तर तिला चार दारेच हवी होती! भाऊ मेकॅनिक होता. गाडीला मुळात सीटचे पट्टे नव्हते, ते बसवून घेऊ म्हणाला. ब्रेक नवे करू, रंग मात्र आहे तसाच राहू दे, असेही त्यांचे ठरले. दुसऱ्या माणसाने सुट्या भागांचे जेवढे सांगितले होते, त्याहून थोडे कमीच पैसे ती देत होती. आजींनी किल्ली तिच्या हातात दिली.

दादा म्हणतो, हल्ली असे पुष्कळ होऊ लागले आहे. दोन दारी गाड्या महाग झाल्या, म्हणून तरुण जोडपी, लेकुरवाळी माणसे चार दारांच्या गाड्या घेऊ लागली आहेत. शेवरोलेच्या कुजलेल्या लाकडाच्या जागी आत पोलादी चौकट घालणारे कारागीरही आहेत. जी उरल्या-सुरल्यांत होती, तिला आता माणूस मिळू लागला आहे. जी कापली गेली, ती मात्र गेलीच.

म्हणून एक घरगुती सल्ला देते. पुढच्या वेळी माळा आवरताना, कपाट उपसताना एखादी जुनी वस्तू तुमच्या हाती येईल. आजीचे जाते, आईचे हातशिलाईचे मशीन, सासऱ्यांची सायकल. "हिला कोण विचारतंय" म्हणून भंगारवाल्याला हाक मारण्याआधी जरा थांबा. तिला कुणी विचारत नाही ते ती वाईट आहे म्हणून, की तिची रिंग बाजारात मिळत नाही म्हणून? शेजारणीकडे तसे नाही म्हणून? आणि तिने तुमच्या घरी इतकी वर्षे जे केले, त्याची परीक्षा कुणी घेतली होती का? एवढे विचारा आणि मग खुशाल द्या. पण तिचा एकेक भाग खोलून नेणाऱ्याला देण्याआधी, ती अख्खी वापरील असे कुणी आहे का, याची चार दिवस वाट पाहा. आजींनी पाहिली तशी.